भेडाघाटचा संगमरवर आणि चांदीचा दाणा

जबलपूरला जाऊन भेडाघाट न पाहता परतणारा प्रवासी विरळाच. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर धुवाँधारच्या धबधब्यावरून उडी घेतल्यावर नर्मदा एका अरुंद घळीत शिरते आणि दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे उभे राहतात. नागपूर-विदर्भाकडच्या कुटुंबांची ही ठरलेली सहल. जबलपूरशी मराठी माणसाचे नाते तसे जुनेच. १८१७-१८ मध्ये इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. ‘भेडाघाट-लमेटाघाट’ हा टापू २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही दाखल झाला.

येथे येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आता मोबाइल असतो आणि होडी निम्म्या वाटेवर जाण्याआधीच शंभर रंगीत फोटो निघालेले असतात. तरीही गेल्या काही वर्षांत एक गंमत दिसू लागली आहे. आजोबांच्या कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढून त्यात कृष्णधवल रोल भरणारी नातवंडे पुन्हा दिसू लागली आहेत. छत्तीस फोटोंचा एक रोल, प्रत्येक फोटोला विचार करायचा, आणि घरी आल्यावर तो स्वतःच धुवायचा, असा हा छंद. रोल महाग, दुकाने मोजकी, तेव्हा चूक परवडत नाही. डिजिटल फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो. निगेटिव्ह मात्र एकच असते आणि ती औषधात एकदाच बुडते.

आणि नेमकी भेडाघाटलाच पहिली निराशा पदरी पडते. रोल धुतला जातो, त्यातली एक चौकट मोठी करून घेतली जाते आणि दिसते काय, तर तो गुळगुळीत, दुधी कडा बारीक रवा शिंपडल्यासारखा खरखरीत झालेला. आकाशात तर दाणाच दाणा. लेन्स चांगली, फोकस बरोबर, तरी असे का? मग कोणीतरी जाणकार विचारतो, “डेव्हलपर कोणता वापरला होता?”

हा प्रश्न विचारणारे पुष्कळ, पण त्याचे उत्तर नीट समजावून देणारे थोडे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश पडला की त्या स्फटिकांवर एक न दिसणारी खूण उमटते. डेव्हलपर ती खूण ओळखतो आणि तेवढ्याच स्फटिकांचे रूपांतर काळ्या, धातुरूप चांदीत करतो. ही चांदी म्हणजे गुळगुळीत ठिपका नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यासारखी, गुंतलेल्या धाग्यांची दिसते. असे अनेक चोथे एकमेकांवर येऊन पुंजके बनतात आणि आपल्या डोळ्यांना जो ‘दाणा’ किंवा ‘ग्रेन’ दिसतो, तो या पुंजक्यांचा. एकटा स्फटिक नुसत्या डोळ्याला कधीच दिसत नाही.

आता ३५ मिलिमीटरच्या रोलवरची चौकट असते केवळ २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा आठ बाय बारा इंचांचा फोटो करायचा म्हणजे ती साडेआठ पट मोठी करावी लागते. दाणाही तितकाच मोठा होतो. जुन्या स्टुडिओंतल्या मोठ्या काचेच्या निगेटिव्हना हा त्रास नव्हता, कारण पुष्कळदा त्या मोठ्या करायच्याच नसत. कागदावर ठेवून जशाच्या तशा छापल्या की काम झाले. १९२५ मध्ये लायकाचा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि तेव्हापासून बारीक दाण्याचा डेव्हलपर हा जगभरच्या हौशी मंडळींचा ध्यास झाला.

दाणा सगळीकडे सारखा दिसतो असेही नाही. गर्दी, झाडांची पाने, फेसाळता धबधबा अशा बारकाव्यांनी भरलेल्या जागी तो लपून जातो. धुवाँधारचा फोटो चारशे गतीच्या फिल्मवर काढला तरी कोणी नाव ठेवणार नाही. दाणा उघडा पडतो तो सपाट, एकसारख्या करड्या छटेत, म्हणजे आकाशात, संथ पाण्यात, बाळाच्या गालावर आणि संगमरवरावर. भेडाघाटच्या घळीत आकाश, संथ पाणी आणि संगमरवर हे तिन्ही एकाच चौकटीत असतात. दाण्याची परीक्षा घ्यायला याहून कठीण ठिकाण मध्य भारतात शोधून सापडणार नाही.

या कड्यांवर कृष्णधवल फिल्म काही प्रथमच फिरलेली नाही. राधू कर्मकार यांनी दिग्दर्शित केलेला, राज कपूर यांचा ‘जिस देश में गंगा बहती है’ हा १९६० चा कृष्णधवल चित्रपट पुष्कळांना आठवत असेल. त्यातली काही दृश्ये भेडाघाटलाच चित्रित झाली. नाव गंगेचे, पाणी नर्मदेचे! कर्मकार हे मुळात राज कपूर यांचे छायालेखक, त्यामुळे पांढऱ्या दगडाची आणि पाण्याची त्यांना पारख होती यात नवल नाही.

खडीसाखर आणि सल्फाइट

बारीक दाण्याचा पहिला प्रयत्न मोठा विषारी होता. १९३० च्या दशकात पॅराफेनिलीनडायअमीन नावाचे रसायन या कामी वापरले जाई. दाणा बारीक येई खरा, पण फिल्मची गती कमी होई, बोटे आणि कपडे डागाळत आणि कातडीवर पुरळ उठे. आजही केस काळे करण्याच्या पुष्कळ कलपांत हेच द्रव्य असते आणि काहींना कलपाने खाज सुटते ती बहुधा याच्यामुळेच. फोटोग्राफीने त्याचा नाद सोडला हे बरेच झाले.

खरा तोडगा त्याआधीच, १९२७ मध्ये कोडॅक कंपनीने चित्रपटांच्या फिल्मसाठी दिला होता. त्याचे नाव डी-७६. आज जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी जगातल्या नव्या डेव्हलपरची तुलना त्याच्याशीच केली जाते. त्याचा नुस्खा कोणापासून लपवलेला नाही. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. इंग्लंडच्या इलफर्ड कंपनीचा आयडी-११ म्हणजे नाव बदललेला हाच नुस्खा. तेव्हा डी-७६ चांगला की आयडी-११, या वादात वेळ घालवू नये. जो ताजा मिळेल तो घ्यावा.

या यादीत डोळ्यांत भरते ते सल्फाइट. फोटो उमटवण्याचे काम मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचे, मग शंभर ग्रॅम सल्फाइट कशाला? त्याचे एक काम डेव्हलपर हवेने खराब होऊ न देण्याचे. पण तेवढ्यासाठी इतके लागत नाही. दुसरे काम असे की, सल्फाइट चांदीच्या क्षारांना हलकेच विरघळवते. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला की आधी त्याचे टोकदार कोपरे झिजतात, तसाच प्रकार येथे होतो. स्फटिकाच्या कडा किंचित विरघळतात, तारांचा तो चोथा आटोपशीर राहतो आणि शेजारच्या पुंजक्यांशी त्याची गुंतागुंत कमी होते. दाणा मऊ पडतो.

आता खडीसाखरेचे कोपरे झिजले म्हणजे धारही गेली. म्हणूनच अतिबारीक दाण्याच्या डेव्हलपरमधला फोटो कधी कधी थोडा लोण्यासारखा मऊ वाटतो. शिवाय विरघळण्यात प्रकाशाची थोडीशी खूणही हरवते, म्हणजे फिल्मची गती घटते. दाणा, धार आणि गती ही तीन भावंडे आहेत. एकाला जवळ घेतले की उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी रुसणारच. तिघांनाही खूश करतो असे ज्या बाटलीवर लिहिलेले असेल, तिच्याकडे संशयाने पाहावे.

डी-७६ मध्ये तितकेच पाणी घालून वापरला, म्हणजे एकास एक केला, की सल्फाइट निम्म्यावर येते. दाणा नावापुरता वाढतो, धार सुधारते, आणि वापरलेले द्रावण फेकून द्यायचे असल्यामुळे दर वेळी ताजे औषध मिळते. घरगुती कामाला हीच रीत बरी. इलफर्डच्या १२५ गतीच्या एफपी-४ प्लस फिल्मला अशा द्रावणात २० अंशांवर ११ मिनिटे लागतात. न मिसळलेल्या द्रावणात साडेआठ.

आणखी बारीक दाणा हवा असेल तर इलफर्डचा परसेप्टॉल आहे. कोडॅकचा मायक्रोडॉल-एक्स याच जातीचा होता, पण तो आता निघत नाही. परसेप्टॉलमध्ये दाणा खरोखर रेशमी येतो, पण १२५ ची फिल्म ५०-६४ ची समजून चालवावी लागते. १९९६ मध्ये आलेला कोडॅकचा एक्सटॉल क जीवनसत्त्वाच्या जातीच्या द्रव्यावर चालतो. लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्व फोटो धुवायच्या कामी येते हे ऐकून गृहिणींना गंमत वाटेल. एक्सटॉल दाणा, धार आणि गती यांचा तोल बहुधा सर्वांत चांगला राखतो. त्याचे वैगुण्य एवढेच की, तो कमजोर झाला तरी रंग बदलत नाही. इतर डेव्हलपर म्हातारे झाले की तपकिरी होऊन सांगतात, हा मुकाट्याने दगा देतो आणि रोल कोरा निघाल्यावर कळते.

रोडिनलबद्दल मतभेद फार. १८९१ चे पेटंट असलेला हा जगातल्या सर्वांत जुन्या डेव्हलपरपैकी एक. बाटली वर्षानुवर्षे टिकते, चमचाभर औषध आणि भरपूर पाणी एवढ्यावर काम भागते, आणि म्हणूनच नवशिके त्याच्या मागे लागतात. पण त्यात दाणा विरघळवणारे फारसे काही नसते. तो दाणा जसा आहे तसा, धारदार दाखवतो. मोठ्या निगेटिव्हला किंवा अगदी मंद फिल्मला तो शोभतो. ३५ मिलिमीटरच्या चारशे गतीच्या फिल्मवर संगमरवर टिपून ती रोडिनलमध्ये धुणे म्हणजे पैठणी दगडावर आपटून धुण्यासारखे आहे. कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांचा घरगुती डेव्हलपरही हल्ली बराच गाजतो. मुलांना विज्ञानाचा प्रयोग म्हणून जरूर दाखवावा. बारीक दाण्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन डब्यांचा नुस्खा

बाहेरगावाहून तयार पाकिटे मागवणे ज्यांना अवघड किंवा महाग वाटते, त्यांच्यासाठी एक जुना नुस्खा आहे आणि जबलपूरसारख्या ठिकाणी तो फार उपयोगाचा आहे. १९४० च्या दशकात कोडॅकच्याच संशोधकांनी डी-२३ नावाचा डेव्हलपर सुचवला. त्यात द्रव्ये दोनच: मेटॉल साडेसात ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, पाणी एक लिटर होईपर्यंत. ना टाकणखार, ना हायड्रोक्विनोन. दोन्ही द्रव्ये प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानात मिळतात.

करण्याची रीत सोपी असली तरी क्रम मोडू नये. पाऊण लिटर पाणी सुमारे ५० अंशांपर्यंत कोमट करावे. आधी चिमूटभर सल्फाइट टाकावे, म्हणजे मेटॉल हवेने काळे पडत नाही. मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यावे आणि त्यानंतरच उरलेले सल्फाइट थोडे थोडे टाकत ढवळावे. सगळे सल्फाइट आधी ओतले तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही, पीठ तळाशी बसावे तसे बसून राहते. शेवटी पाणी घालून लिटर पुरा करावा. साडेसात ग्रॅम मोजायला किराणा दुकानाचा काटा चालत नाही. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा हवा.

डी-२३ चा गुण असा की, तो निगेटिव्हच्या सावल्यांत हळूहळू तपशील आणतो, पण उजळ भाग एका मर्यादेपलीकडे जळू देत नाही. भेडाघाटच्या दुपारी हेच हवे असते. एका बाजूला उन्हाने तळपणारा पांढरा कडा, दुसऱ्या बाजूला काळोखी कपार, आणि दोहोंमध्ये होडी. जोरकस डेव्हलपर येथे कड्याची चुन्याची भिंत करून टाकतो. डी-२३ त्यातल्या रेघा, निळसर-करड्या शिरा शाबूत ठेवतो. याला डी-७६ पेक्षा थोडा जास्त वेळ लागतो असे धरून सुरुवात करावी आणि पहिल्या चाचणीच्या रोलवरून वेळ पक्की करावी.

या डी-२३ मध्ये लिटरला १५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट मिसळले की होतो डी-२५. बायसल्फाइटने द्रावणाचा अल्कलीपणा उतरतो, डेव्हलपर अगदी धिमा होतो आणि तेवढा जास्त वेळ सल्फाइटला कडा झिजवायला मिळतो. दाणा आणखी बारीक येतो, गती मात्र निम्म्यावर येते. २० अंशांवर याला सुमारे वीस मिनिटे लागतात. थंड देशातले लोक त्याला कंटाळले ते यामुळेच. पण २५ अंशांवर हेच काम अकरा मिनिटांत होते.

जबलपूरच्या उन्हाळ्यात खरा घोळ होतो तो याच तापमानाचा. डेव्हलपरच्या पाकिटांवरच्या वेळा लिहिलेल्या असतात २० अंशांसाठी. जबलपूरला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून येते ते हात पोळणारे. द्रावण २४ अंशांवर गेले की २० अंशांच्या वेळेचा सुमारे सात-दशांशच वेळ लागतो. तिशीवर गेले तर डी-७६ ची ती अकरा मिनिटे पाचाच्या आत येतात. इतक्या थोड्या वेळात औषध सगळीकडे सारखे लागत नाही, पट्टे उमटतात, आणि निगेटिव्ह जराशी जास्त शिजली की दाणा फुगतो. म्हणजे महागडा बारीक दाण्याचा डेव्हलपर आणायचा आणि तो गरम पाण्यात वाया घालवायचा, असे होते. मे महिन्यात धुतलेल्या पुष्कळशा रोलांच्या दाण्याचे पाप डेव्हलपरच्या माथी मारले जाते, ते खरे म्हणजे थर्मामीटर न वापरण्याचे असते.

वीस अंश गाठण्याचा हट्ट उन्हाळ्यात करूच नये. रात्री किंवा पहाटे काम करावे, माठातले पाणी घ्यावे. मे महिन्यातली जबलपूरची हवा कोरडी असते, त्यामुळे माठ पाणी चांगलेच गार करतो. मोठ्या परातीत हे पाणी ओतून त्यात बर्फाचे चार खडे टाकावेत आणि डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर या तिन्हींच्या बाटल्या त्यात उभ्या कराव्यात. बर्फ बाहेरच्या पाण्यात, औषधात नव्हे. २४-२५ अंश सहज मिळतात आणि त्या तापमानाला डी-२५ किंवा पाणी मिसळलेला परसेप्टॉल यांसारखा धिमा डेव्हलपरच शोभतो. पावसाळ्यात मात्र माठाचा भरवसा नाही. हवा दमट झाली की त्याचे पाणी गार होत नाही, तेव्हा बर्फच हवा. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये नर्मदा फुगलेली असते, घळीतल्या होड्या बंद असतात, तेव्हा भेडाघाटचे रोलही थोडेच निघतात.

धुण्याचे पाणीसुद्धा डेव्हलपरच्या तापमानाच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडेच असावे. २५ अंशांच्या डेव्हलपरमधून काढलेली फिल्म ३५ अंशांच्या नळाखाली धरली तर मऊ झालेले जिलेटिन सुरकुतते. हल्लीच्या नामांकित फिल्म हे बरेच सहन करतात. पण आजोबांच्या कपाटात सापडलेला जुना रोल धुवायचा असेल तर फार जपावे.

पाण्याबद्दल आणखी एक. संगमरवर आणि चुनखडी असलेल्या टापूत विहिरीचे, बोअरचे पाणी जड असते. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत असेल तर ते पाणी डेव्हलपरला चालणार नाही असे समजावे. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावरही मिळते, ते वापरावे. शेवटची खळबळणीही त्याच पाण्याने करावी, नाहीतर वाळताना निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात आणि ते छापल्यावरही पांढरे ठिपके म्हणूनच उमटतात.

होडीतला हिशेब

डेव्हलपर निवडायचा तो घरी परतल्यावर नव्हे, रोल कॅमेऱ्यात भरताना. हे पुष्कळांना पटत नाही. परसेप्टॉल किंवा डी-२५ वापरायचा तर फिल्मची गती निम्मी धरून फोटो काढायला हवेत. १२५ ची फिल्म ५०-६० वर चालवायची. भर उन्हात त्याने काही बिघडत नाही. एफ/८ ला एक-दोनशेअंश सेकंद मिळतो. पण होडी घळीच्या सावलीत शिरली, उजेड आठव्या हिश्शावर आला की एफ/४ ला केवळ एक-शतांश सेकंद उरतो. होडी डुलते आहे, नावाडी रंगात येऊन दोन्ही कड्यांच्या गोष्टी सांगतो आहे, शेजारचा मुलगा पाण्यात हात घालतो आहे. अशा वेळी हललेला फोटो बारीक दाण्याचा असून उपयोग काय? होडीतून फोटो काढणाऱ्याने साधा डी-७६ किंवा डी-२३ पत्करावा आणि फिल्मची गती पुरी वापरावी. काठावर तिपाई रोवून सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहणाऱ्याने खुशाल परसेप्टॉल घ्यावा.

चांदण्यातल्या भेडाघाटाचे वर्णन कॅप्टन फोरसिथ यांनी १८७१ च्या आपल्या मध्य भारतावरच्या पुस्तकात केले, तेव्हापासून पौर्णिमेची होडी प्रसिद्ध आहे. ती डोळ्यांनीच पाहावी. पौर्णिमेचा चंद्र उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो. १२५ च्या फिल्मला एफ/४ वर हिशेबाने तीनेक मिनिटे लागतात, आणि इतक्या मंद उजेडात फिल्म आळसावत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जास्त. डुलत्या होडीत हे कोणत्याही डेव्हलपरला जमणारे नाही.

पांढरा कडा चौकटभर असला की कॅमेऱ्यातला मीटर फसतो. त्याला सगळे जग करडे दिसते, म्हणून तो पांढऱ्या दगडालाही करडा करायला निघतो. तेथे एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, पण त्याहून जास्त नको. गरजेपेक्षा अधिक प्रकाश घेतलेली आणि गरजेपेक्षा अधिक वेळ धुतलेली निगेटिव्ह काळीकुट्ट होते, आणि जितकी काळी तितका दाणा. खरे सांगायचे तर दाण्याचा मोठा वाटा आधी फिल्म ठरवते, मग प्रकाश, मग तापमान आणि वेळ, आणि उरलेले डेव्हलपर. चारशेची फिल्म परसेप्टॉलमध्ये धुऊनही ५० गतीच्या पॅन-एफची सर येत नाही. चारशेच हवी असेल तर १९८६ पासून आलेल्या टी-मॅक्ससारख्या, चपट्या स्फटिकांच्या फिल्म जुन्या चारशेपेक्षा पुष्कळ बारीक दाण्याच्या आहेत.

एक काळ असा होता की, फिल्म आपल्याच देशात होई. उटीच्या थंड, स्वच्छ हवेत १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म आणि कागद काढीत असे. शाळेच्या गॅदरिंगचे, मुंजीचे, पासपोर्टचे कितीतरी फोटो इंदूवर निघाले. ती कंपनी पुढे डबघाईला आली आणि २०१० च्या दशकात कायमची बंद झाली. आता प्रत्येक रोल परदेशातून येतो. म्हणूनच सहलीचा रोल नव्या डेव्हलपरमध्ये थेट बुडवू नये. आधी एक चाचणीचा रोल काढावा. अंगणातली पांढरी भिंत, निरभ्र आकाश, घरातल्या कोणाचा तरी चेहरा. तो ठरलेल्या तापमानाला धुवावा, आकाशाची चौकट आठ बाय बाराची करून पाहावी आणि मगच भेडाघाटचा रोल हाती घ्यावा. स्कॅनरवर पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, पुष्कळ स्कॅनर असतो त्यापेक्षा दाणा जास्त दाखवतात. तेवढ्यावरून डेव्हलपर बदलू नये.

उरली घराची गोष्ट. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा फिल्मला भोके पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दादरच्या घरी करीत. स्वयंपाक आणि फिल्म एका छपराखाली नांदू शकतात याचा याहून मोठा दाखला नको. पण भांडी मात्र वेगळीच हवीत. डेव्हलपर कालवलेले पातेले, चमचा किंवा मापाचा पेला पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. सरबताच्या बाटलीत द्रावण भरणे तर सर्वांत धोक्याचे. उन्हाळ्यात मुले तहानेने काहीही तोंडाला लावतात. बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ती कुलपात ठेवावी. गच्च भरलेल्या बाटलीत डी-७६ सहा महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोनच. तेव्हा एका मोठ्या बाटलीपेक्षा चार छोट्या बऱ्या. मेटॉलने काहींच्या कातडीला इसब होते आणि एकदा झाले की पुन्हा पुन्हा उमटते. रबरी हातमोजे घालूनच काम करावे.

वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरून सुटलेली चांदी विरघळलेली असते. ती पाण्यातल्या जीवांना घातक असते आणि शहराचे नाले शेवटी नदीकडेच जातात. हा फिक्सर मोरीत ओतू नये. जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवावा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी तार टाकून आठवडाभर ठेवावे. लोखंड विरघळते आणि चांदी काळपट गाळ होऊन तळाशी बसते. वरचे पाणी भरपूर पाण्यासोबत सोडता येते. गाळ साठवून ठेवावा, चांदी परत काढणाऱ्यांना तो हवा असतो.

आणि फिल्म वाळवताना कूलर बंद ठेवावा. लू वाहत असताना कूलर लावल्याशिवाय जबलपूरच्या घरात बसवत नाही हे खरे, पण त्याच्या झोताबरोबर वाळ्याच्या ताट्यांतली सगळी धूळ ओल्या निगेटिव्हवर येऊन चिकटते. न्हाणीघरात आधी गरम पाण्याची बादली ओतून वाफेने धूळ खाली बसू द्यावी, मग दोरीला चिमट्याने फिल्म टांगावी, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजन म्हणून लावावा आणि दार लावून घ्यावे. दोन-तीन तास घरातल्या कोणाला आंघोळ करू देऊ नये.